तुम्ही विचारलंत म्हणून: आता भूक लागते का?

परवा डबा न्यायला आलेल्या एक ताई दारातच घुटमळल्या. "एक विचारू का? राग मानू नका. तुमचं ते वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन झालंय ना, मग आता भूक लागते का हो तुम्हाला?" त्यांच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन करायचं घरात चाललं होतं. मागे सात-आठ पोरं डब्यासाठी उभी होती. "लागते की," एवढंच म्हणून मी त्यांच्या हातात डबा दिला.

गेल्या तीन वर्षांत मला हे खूप जणांनी विचारलंय. आधी विचारतात किती किलो उतरलं, आणि मग आवाज खाली आणून भुकेचं विचारतात. पहिल्याचं उत्तर एका आकड्यात देता येतं. दुसऱ्याचं दारात उभं राहून देता येत नाही, म्हणून बसून लिहितेय.

सांगलीत विश्रामबागेत माझी मेस आहे. कॉलेजची साठेक पोरं जेवायला येतात, चाळीसेक डबे बाहेर जातात. दुसऱ्याच्या भुकेचा अंदाज मला बरोबर येतो. परीक्षा जवळ आली की चपात्या उरतात, पावसाची झड लागली की आमटी कमी पडते. माझ्या स्वतःच्या भुकेचा अंदाज मात्र वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षापर्यंत मला आला नव्हता.

ती भूक कशी होती ते आधी सांगते. पहाटे पाचला चहा, की लगेच कणीक. अकरापर्यंत स्वयंपाक, मग डबे, मग पंगती. पोरं जेवली, घरातली जेवली, भांडी घासणाऱ्या मावशी जेवल्या, की साडेतीनला मी. तोवर चव बघताना चमचा-चमचा पोटात गेलेलं असायचं, ताटात उरलेली अर्धी चपाती टाकवत नाही म्हणून तीही गेलेली असायची. तरी साडेतीनला मी अशी जेवायचे जणू आदल्या दिवसापासून उपाशी आहे. ताट संपायचं, पोट जड व्हायचं, आणि तरीही आतून कुणीतरी हाक मारत राहायचं. मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं, बाकीचे फक्त मनाने घट्ट आहेत.

२०१७ मध्ये मी आठ महिन्यांत १४ किलो उतरवले होते. पहाटे तासभर चालणं, रात्री फक्त ताक आणि काकडी, साखर पूर्ण बंद. पुढच्या दीड वर्षात १७ किलो परत आले. तेव्हा ज्या डॉक्टरांकडे जात होते ते म्हणाले, "तोंडावर ताबा नाही तुमचा." मला ते पटलं होतं. तीनेक वर्षं मी ते वाक्य उराशी घेऊन वावरले.

२०२२ च्या जूनमध्ये एका सकाळी तव्यासमोर उभ्या उभ्या माझा डोळा लागला. चपाती उलटायला हात पुढे गेला तो तसाच खाली टेकला. तळहाताच्या कडेला अजून तो डाग आहे, चपातीवर पडतो तसा, तपकिरी. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, "रात्री घोरता का?" मी काही बोलायच्या आत माझी धाकटी म्हणाली, "घोरते, आणि मध्येच श्वास थांबतो. मी जागी राहून मोजते." बारावीला होती ती तेव्हा. अभ्यासाला जागते असं मी समजत होते.

झोपेची तपासणी झाली. तासाला ४१ वेळा श्वास अडत होता, ३० च्या वर गेलं की तीव्र समजतात. उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०९ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४५. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, ९.२. माझ्या आईचा पायाचा अंगठा साखरेनंच गेला होता. तो ड्रेसिंगचा वास मला माहीत होता. पुण्याच्या सर्जनचं नाव फॅमिली डॉक्टरांनीच दिलं.

त्या सर्जनसमोर मी तयारी करून बसले होते, की आता बोलणी खायची. त्यांनी आधी मला २०१७ चं सगळं सांगायला लावलं. मग म्हणाले, वजन उतरलं की शरीर घाबरतं, कमी जाळायला लागतं आणि भूक वाढवतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं, तो अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यांचं शरीर तेव्हाही अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं. माझ्या डोक्यात लगेच हिशोब झाला, आमच्या मेसच्या मापाच्या चार चपात्या. म्हणजे रोज चार चपात्यांची भूक सोसत राहिले असते तर माझे ते १४ किलो गेलेले राहिले असते, आणि तेही जन्मभर. मी तिथेच रडले. ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांना काही कळेना.

घरी विरोध झाला. "चांगलं पोट कापून टाकायचं?" ह्यांचा हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. सर्जननी तो टाळला नाही. जठराच्या शिवणीतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ, हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. जोखीम पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपासची आहे, पण शून्य नाही, असं स्पष्ट सांगितलं. स्लीव्ह करायचं, म्हणजे जठर कापून त्याची नळी ठेवायची, की बायपास, म्हणजे अन्नाची वाटच वळवायची, यावर दोन भेटी गेल्या. बायपासमध्ये लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळला जातो आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. माझं हिमोग्लोबिन मुळात ९ होतं, म्हणून स्लीव्ह ठरलं. विमा कंपनीने आधी "सौंदर्यासाठीचं ऑपरेशन" म्हणून नकार दिला. पॉलिसीतच लिहिलेलं असतं की बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून सोबत ठरावीक गंभीर आजार असतील, तर हे ऑपरेशन बसतं. ते पान घेऊन हे तीन वेळा जाऊन आले. जे विरोध करत होते तेच.

दिवाळीच्या सुटीत पोरं गावी जातात, मेस बंद असते, म्हणून तेच दिवस धरले. पण त्याआधी दोन आठवडे पातळ आहार असतो. आमच्यासारख्यांचं लिव्हर चरबीने फुगून जठरावर पसरलेलं असतं, ते आक्रसलं तर दुर्बिणीतून काम करायला वाट मिळते. ते दोन आठवडे म्हणजे माझ्या फराळाच्या ऑर्डरींचे. चाळीस किलो चिवडा आणि चकल्यांचे घाणे काढले मी प्रोटीनची पावडर आणि मुगाच्या कढणावर. तिसऱ्या दिवशी भाजणीच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी झारा हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "जा, पड जरा. मी बघते."

ऑपरेशनमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढतात. उरते ती एक उभी नळी, आमच्या कोशिंबिरीच्या वाटीएवढं मावेल अशी. जो वरचा फुगीर भाग जातो तिथेच घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक सगळ्यात जास्त बनतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ मध्ये शोधलं. माझा तेव्हा संसार नुकता सुरू झाला होता. ज्या हाकेला मी माझा दोष समजत होते तिला त्याच वर्षी कुणीतरी नाव दिलेलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा दुखत होता. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे तसं होतं, दोन-तीन दिवसांत जातं, कुणी घाबरू नये. संध्याकाळी नर्सताईंनी उठवून चालवलं. दुसऱ्या दिवशी औषधाच्या टोपणातून ३० मिली पाणी दिलं आणि पंधरा मिनिटांत संपवा म्हणाल्या. घोट आत उतरताना मला कळत होता, कुठवर गेला तेसुद्धा. चौथ्या दिवशी घरी आले. जाताना बजावलं होतं, ताप आला, नाडी १२० च्या वर गेली, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखायला लागलं तर रात्र असली तरी फोन करायचा. धाकटी पुन्हा मोजायला बसली, आता नाडी.

आणि भूक गेली.

अगदी गेली. सहा महिने. हे कसं सांगू? फ्रीजचा आवाज बंद पडला की आपल्याला कळतं तो इतका वेळ चालू होता, तसं झालं. पहिले दोन आठवडे मला फार सुखाचे वाटले. तिसऱ्या आठवड्यात जाऊबाई आमटीला फोडणी देत होत्या. हिंग, मोहरी, कढीपत्ता, सगळे वास आले, ओळखीचे, आणि आत काहीच हललं नाही. मी देवघरासमोर जाऊन बसले. ज्या गोष्टीने वीस वर्षं छळलं ती गेल्यावर रडू येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या बहिणीला येईल कदाचित. येऊ दे. त्या वेळी जवळ कुणी असावं एवढं बघा.

तोवर घड्याळ लावून खायचं होतं. दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन. पातळ वरणाचं पाणी, ताक, मग गाळलेलं कढण, मग मऊ पनीर, अंड्याची भुर्जी, कुस्करलेलं पिठलं. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही, अर्धा तास नंतर नाही. सहा आठवडे जड काही उचलायचं नव्हतं, त्यामुळे पाच किलो कणकेची परात जाऊबाईंकडे गेली आणि मी मीठ सांगायला उरले. चव जिभेवर घेऊन थुंकायची. पूर्वी चवीच्या नावाखाली दिवसभरात किती जायचं ते तेव्हा कळलं. एकदा मी ते सगळे चमचे एका वाटीत ओतत गेले. दुपारपर्यंत तीन वाट्या भरल्या.

चूक एकदा केली. जानेवारीत हळदीकुंकवाला गेले होते. "एक घास तरी, गुळाची पोळी आहे," म्हणून हातात तुकडा आला. चार घरांत नाही म्हणून झालं होतं, पाचव्या घरी म्हणवलं नाही. गप्पांच्या नादात दोनदा चावून गिळला. छातीच्या मध्ये दगड अडकावा तसं झालं. तोंडात लाळ नुसती भरून येत राहिली, फेसासारखी, आणि त्यांच्या मोरीत जाऊन उलटी होईपर्यंत घाम थांबला नाही. बिचाऱ्या यजमानीणबाई घाबरून गेल्या. तेव्हापासून मी आग्रहाला हात जोडते आणि कारण सांगते, तेही मोठ्याने. चोरून ऑपरेशन केलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांचे असल्या प्रसंगी फार हाल होतात.

चौथ्या महिन्यात केस गेले. वेणी बोटाएवढी झाली. ते परत येतात, आले. गोळ्या मात्र जन्माच्या आहेत, बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आणि वर्षाला रक्त तपासणी. ज्यांना गोळी चुकवायची सवय आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडे सांगून टाकते. वर्षभरात १०९ चे ७६ झाले. आता ८० आहे, चार किलो परत आलेत. साखरेच्या गोळ्या बंद, एचबीए१सी ६ च्या आसपास. नवव्या महिन्यात झोपेची तपासणी पुन्हा झाली आणि श्वास अडू नये म्हणून रात्री लावायचं मशीन परत केलं. वजन उतरवायच्या इंजेक्शनांचंही हल्ली विचारतात. त्यातलं मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. माझ्या वेळी असतं तर मी त्याचीही चौकशी केली असती. ती इंजेक्शनंही भुकेच्या निरोपांवर काम करतात, पण थांबवली की वजन बहुतेकांचं परत चढतं. बहिणीच्या डॉक्टरांना दोन्ही विचारा.

तर भूक. मे महिन्यातली सकाळ होती, मी भाकऱ्या थापत होते. पोटात काहीतरी कुरकुरलं. मला वाटलं ॲसिडिटी. गोळी घ्यायला उठले, तेवढ्यात पुन्हा. भाकरी तव्यावर टम्म फुगली होती, तिच्यातून वाफ येत होती, आणि ती मला हवी होती. मी धाकटीला हाक मारली, "अगं, मला भूक लागलीये!" ती आंघोळीतून तशीच डोकं पुसत बाहेर आली. पाव भाकरी आणि वाटीभर पातळ पिठलं खाल्लं मी, वीस मिनिटं लागली. संपल्यावर ती भूक गेली. गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की ती गप्पही होते.

हो ताई, लागते. दुपारी साडेबाराला लागते. तिला ताटकळत ठेवलं तर चक्कर येते, नाहीतर मी हावऱ्यासारखी भराभर गिळते आणि घास अडकतो. म्हणून डाएटिशियनबाईंनी पहिल्याच भेटीत एक वेगळीच गोष्ट लिहून दिली होती: सगळ्यांच्या आधी जेवायचं, बसून. आमच्या घरात बायकांनी आधी जेवायची रीत नाही. पहिले काही महिने मी मागच्या खोलीत, दार ओढून जेवायचे. साठ पोरं दारात यायची असताना आपण ताटावर बसायचं याची लाज वाटायची. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, पण त्या बाजूला फिरकायच्याही नाहीत.

भूक परत आली त्याच आठवड्यात एकदा डब्यांची घाई होती. सव्वाबारा झाले असतील. मी झाकणं लावत होते. सासूबाईंनी स्वयंपाकघरातच, सगळ्यांसमोर, पाट टाकला. लहान ताटलीत पाव भाकरी, वाटीत मटकीची उसळ, बाजूला चार काकडीच्या चकत्या, पाण्याचा तांब्या लांब ठेवलेला. "डबे मी भरते," म्हणाल्या. "तू जेवून घे." आजही त्याच वाढतात. मटकी मऊ झाली नसेल तर माझी वाटी परत नेऊन दोन शिट्ट्या जास्त करून आणतात.