थेंबाचा माग

मोटारसायकलच्या इंजिनातून गळणारं तेल सरळ खाली पडेल तर शपथ. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून सुटलेला थेंब सिलिंडरवरून ओघळतो, वाऱ्याने मागे ढकलला जातो, खालच्या तेलाच्या चेंबरची कड धरून फिरतो आणि शेवटी तेल काढायच्या ड्रेन बोल्टच्या टोकाला लोंबतो, कारण सगळ्यात खाली तोच. मग आपण पाना आणून बिचाऱ्या बोल्टला आवळत सुटतो. चेंबर ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. जरा जोर जास्त झाला की आटे जातात ते चेंबरचे. बोल्टखालच्या चकतीचं, म्हणजे वायसरचं, किरकोळ काम थेट लेथवाल्याच्या दारात जातं.

त्यापेक्षा आधी इंजिन धुवावं. पूर्वी रेशनचं रॉकेल असायचं, आता वाटीभर डिझेल आणि जुना टूथब्रश. चिंधीने कोरडं करून संशयाच्या जागांवर चक्क टाल्कम पावडर भुरभुरवायची आणि गल्लीतून एक चक्कर मारून यायचं. पांढऱ्या पावडरीत तेलाची काळपट रेघ उमटते. ती खाली कुठे पोचली याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. वर जिथे सुरू होते, तिथे गळती. शेजारचे काका तेवढ्यात विचारतातच, ‘गाडीला घामोळं आलंय का?’

पुष्कळदा मात्र पॅकिंगचाही दोष नसतो. पिस्टन खाली येताना चेंबरमधली हवा दाबली जाते आणि ती ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडते. ती नळी चिखलाने बुजली किंवा कुठे मुडपली, की आतला दाब दुसरी वाट शोधतो आणि गिअर शाफ्टच्या ऑइल सीलमधून, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, तेल बाहेर काढतो. मापापेक्षा जास्त तेल भरलं तरी असलेच प्रकार. सील बदलायचा खर्च करण्याआधी ती रबरी नळी काढून फुंकून बघावी. हे काम फुकटातलं असल्यामुळे कुणाला सुचत नाही.

वायसर हा माझ्या आवडीचा भाग आहे. ड्रेन बोल्टखालची तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चकती स्वतः चेपून फट बुजवते, म्हणून ती दर वेळी नवी घालायची. नवी मिळालीच नाही तर जुने फिटर तांब्याचा वायसर गॅसवर लाल करून पाण्यात टाकतात. चर्रर्र आवाज येतो, वर काळी खपली धरते, ती घासली की आतून गुलाबी तांबं दिसतं आणि चकती पुन्हा मऊ होते. लोखंड तापवून पाण्यात टाकलं म्हणजे कडक होतं, हे ऐकून असलेल्यांचा यावर विश्वास बसत नाही. तांब्याचं तसं नाही.

जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटवाल्यांना हे सगळं सांगायची सोय नाही. ‘तेल गळत नसेल तर संपलं असेल’ हा त्यांचा ठरलेला विनोद. त्या गाडीच्या प्रायमरी चेनचं, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीचं, अख्खं झाकण मधल्या एकाच नटावर बसायचं आणि कडेने रबरी सील. नट जास्त पिळला की झाकण वाकायचं आणि गळती वाढायची.

आता फरशी. तेल सांडलं की पहिली घाई पाण्याची होते आणि वाटीएवढा डाग परातीएवढा होतो. आपल्याकडे त्यावर घरचाच उपाय आहे: पांढरी रांगोळी. जाडसर थर टाकायचा, जुन्या चपलेने रगडायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी झाडून काढायचा. लाकडाचा भुसाही चालतो. रस्त्यावर टँकर सांडला की अग्निशमन दलवाले येऊन माती टाकतात, तोच न्याय. उरलेल्या डागाला गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि तारेचा नको, काथ्याचा ब्रश. शहाबादी फरशीवर ॲसिड मात्र चुकूनही ओतू नये. तो चुनखडीचा दगड. फसफसून वरचा थर जातो, फरशी खरबरीत होते आणि तेल मुरलेलं असतं ते तसंच. त्यापेक्षा मुलतानी माती भांड्यांच्या लिक्विडमध्ये कालवून लेप द्यावा. वाळता वाळता ती दगडातलं तेल बरंचसं ओढून घेते.

जळकं ऑइल गटारात ओतू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं. खेड्यात ते वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटींना फासतात. शहरात गॅरेजवाल्याच्या पिंपात रिकामं करावं, तो ते पुढे विकतो.

एकदा हा नाद लागला की पार्किंगमधून नुसतं चालत जाता येत नाही. पुढच्या चाकाजवळ ठिपके म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचं सील गेलं. मागच्या चाकाच्या रिमवर काळे शिंतोडे म्हणजे चेनला ऑइल जास्त झालं, घाबरायचं कारण नाही. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना म्हटलं, तुमच्या गाडीचं किकजवळचं सील बघून घ्या. त्या म्हणाल्या, ‘पाना आहे ना तुमच्याकडे? मग द्या ना जरा आवळून!’