रिटायरमेंटला कुठला देश? बीच सोडून बाकीचं बोलू

रिटायर होऊन दुसऱ्या देशात राहायला जावं का, या विषयावर नेटवर वाचायला बसलात तर तेच ते फोटो दिसतात. साठीचं जोडपं, पांढरे कपडे, मागे समुद्र, हातात ग्लास. खाली 'टॉप टेन' देशांची यादी. हवामान छान, खर्च कमी, लोक प्रेमळ, संपलं. मला त्या जोडप्याचा राग नाही, पण ती दोघं बासष्टची आहेत हो, बासष्टला कुठलाही देश चांगलाच वाटतो, गुडघे चालतायत, गाडी चालवता येतेय, दोघं एकमेकांना आहेत. देश निवडायचा तो ब्याऐंशीव्या वर्षासाठी, आणि तेव्हा दोघांतलं एकच उरलेलं असेल असं धरून, असं माझं स्पष्ट मत झालंय. नवऱ्याला हे फार निगेटिव्ह वाटतं. त्याची एक मोठी एक्सेल शीट आहे, त्यात उन्हाचे दिवस, टॅक्स, एअरपोर्ट किती लांब असे कॉलम आहेत. माझे कॉलम वेगळे आहेत आणि त्यावरून आमची जेवताना रोज जुंपते.

आधी सोपं ते सांगते, म्हणजे आत शिरणं. पैसे असतील तर रिटायर माणसाला घ्यायला बरेच देश तयार असतात, कारण आपण नोकरी मागत नाही, नुसते खर्च करतो. पनामा आणि कोस्टा रिका दोघंही महिना १००० डॉलर कायमची पेन्शन दाखवा म्हणतात. पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाची (पेन्शनसारख्या नोकरीशिवायच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठीचा) अट तिथल्या किमान वेतनाला बांधलेली आहे, २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं. स्पेनला जास्त लागतात, महिना २४०० युरो, जोडीदाराचे वेगळे, आणि तिथे काम करायचं नाही. थायलंडला वय ५० पूर्ण हवं आणि बँकेत ८ लाख बाथ किंवा महिना ६५ हजार बाथ उत्पन्न, वर दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवत राहायचा. या आकड्यांवर लोक तासन्‌तास चर्चा करतात. मला वाटतं हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे, कारण कागद गोळा करणं कंटाळवाणं असलं तरी जमतं.

खरा प्रश्न पुढचा. आत घेतलं, पण त्याच अटींवर ठेवतील का?

मलेशियाचं बघा. त्यांची 'माय सेकंड होम' स्कीम २००२ पासूनची, रिटायर लोकांमध्ये एकदम लोकप्रिय. २०२० मध्ये थांबवली, २०२१ मध्ये परत आणली तेव्हा परदेशातून येणाऱ्या उत्पन्नाची अट महिना १० हजार रिंगिटवरून थेट ४० हजार, आणि २०२४ मध्ये परत सगळं बदलून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे वर्ग केले आणि घर विकत घ्यायची अट घातली. पोर्तुगालने २००९ मध्ये बाहेरून येणाऱ्यांसाठी टॅक्सची सवलत सुरू केली, परदेशी पेन्शनवर बऱ्याच जणांना शून्य टॅक्स, मग २०२० मध्ये नव्या लोकांना १० टक्के लावला आणि २०२३ संपताना ती स्कीम नव्या लोकांसाठी बंदच केली. त्यात आणखी गंमत म्हणजे फिनलंड आणि स्वीडनला राग आला, आमचे पेन्शनर तिकडे जाऊन काहीच टॅक्स भरत नाहीत म्हणून, आणि त्या दोघांनी पोर्तुगालबरोबरचा टॅक्स करारच, म्हणजे कोणाकडून टॅक्स कुठल्या देशाने घ्यायचा ते ठरवणारा करार, मोडून टाकला. दोन सरकारांचं भांडण आणि मध्ये कोण तर सत्तरीतलं कोणीतरी बिचारं. थायलंडने २०२४ पासून बाहेरून आणलेल्या पैशांवरच्या टॅक्सचा नियम कडक केला. ब्रिटनमधल्या ज्या लोकांची स्पेनमध्ये घरं होती आणि जे मन मानेल तेव्हा येऊन जाऊन राहायचे, त्यांना ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे, २०२१ पासून १८० दिवसांत ९० दिवसच, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर बसून दिवस मोजायचे!

यातल्या कुठल्याही देशाने फसवणूक केली असं मी म्हणत नाही. मतदान करणाऱ्यांचं सरकार ऐकतं आणि आपण तिथे मतदार नसतो एवढंच. म्हणून माझा पहिला कॉलम असा की इथे पाहुणा म्हणून मरेपर्यंत राहायचंय की नागरिक होता येतं? होता येत असेल तर किती वर्षांनी, भाषेची परीक्षा काय, आणि जुना पासपोर्ट सोडावा लागतो का. स्पेनमध्ये साधारण १० वर्षं लागतात, म्हणजे पासष्टाव्या वर्षी गेलात तर पंच्याहत्तरी. भारत, जपान, सिंगापूर असे देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत, म्हणजे त्या लोकांना एक सोडून दुसरं घ्यावं लागतं, आणि हा निर्णय तुम्ही पंच्याहत्तरीत घेणार? काही जण घेतात. मला माहीत नाही मी घेऊ शकेन का.

आता टॅक्स. बोअर होऊ नका, कारण या सगळ्या शोधाशोधीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे सापडली.

सगळ्यांना १८३ दिवस माहीत असतात, म्हणजे वर्षात तेवढे दिवस राहिलात की बहुतेक देश तुम्हाला टॅक्ससाठी आपला रहिवासी धरतात. सहा महिने एकीकडे, सहा महिने दुसरीकडे राहू, कुठेच टॅक्स नको, असा प्लॅन प्रत्येक पार्टीत कोणीतरी एकदा तरी सांगतंच. असं होत नाही. नुकताच ब्रिटन सोडलेला माणूस असेल आणि त्याचे तिथे घर, कुटुंब वगैरे चार धागे शिल्लक असतील तर वर्षात १६ दिवस राहिला तरी तो टॅक्ससाठी तिथला रेसिडेंट, म्हणजे रहिवासी, ठरू शकतो. अमेरिकेचे नागरिक असाल तर कुठेही जा, रिटर्न भरायचंच. आणि मग दोन्ही देश म्हणाले की हा आमचाच, तर काय करायचं? त्यासाठी दोन देशांमधल्या टॅक्स करारात एक कलम असतं, बहुतेक करारांत साधारण सारखंच, त्यात ओळीने प्रश्न विचारलेत. याचं कायमचं घर कुठे आहे? दोन्हीकडे असेल तर, याची माणसं आणि पैशाचे व्यवहार कुठे जास्त घट्ट आहेत? तेही ठरत नसेल तर, हा सवयीने कुठे राहतो? तेही नाही, तर नागरिक कुठला? आणि त्यानेही भागलं नाही तर दोन्ही सरकारांनी बसून ठरवा.

मी हे वाचलं आणि म्हटलं अरे, टॅक्सवाल्या रुक्ष लोकांनी आमच्यापेक्षा बरे प्रश्न काढलेत की. नवऱ्याला म्हटलं चल, आपण प्रामाणिकपणे उत्तरं लिहू, वेगवेगळी, एकमेकांचं न बघता. घर कुठे, तर दोघांचं एकच उत्तर, जिथे सध्या राहतो तेच. माणसं कुठे, इथे घोळ. त्याने मुलांची नावं लिहिली, जी दोन वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये आहेत आणि पाच वर्षांनी कुठे असतील ते त्यांनाही माहीत नाही. मी ज्यांना रात्री दोन वाजता फोन करून 'ये' म्हणू शकते त्यांची नावं लिहिली. माझी यादी छोटी निघाली पण सगळी एकाच गावातली निघाली. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला की ती लोकं पण म्हातारी होणारच आहेत ना. मुद्दा बरोबर आहे, मला उत्तर सुचलं नाही.

पेन्शनचं एक वेगळंच. आपल्याला वाटतं पेन्शन आपल्या हक्काची, कुठेही राहिलो तरी तीच. ब्रिटनची स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारकडून मिळणारी, घेऊन तुम्ही कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा भारतात राहायला गेलात तर ती आहे त्या आकड्यावर गोठते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. तीच पेन्शन घेऊन अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये गेलात तर वाढते! लॉजिक शोधू नका, कुठल्या देशाशी कधी करार झाला त्यावर आहे सगळं. वीस वर्षं गोठलेली पेन्शन म्हणजे काय होतं ते मनातल्या मनात मांडून बघा. आणि पेन्शन एका चलनात, खर्च दुसऱ्या चलनात असेल तर ती वेगळी धाकधूक. जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानाआधी पाऊंडाला जवळपास १.३० युरो मिळत होते, ऑक्टोबरपर्यंत १.१० च्या आसपास आले. १५०० पाऊंड पेन्शनवाल्याचे महिन्याला ३०० युरो गेले, त्याने काहीही न करता.

आणि हयातीचा दाखला! आमच्या ओळखीचे एक काका, काकू गेल्यानंतर एकटेच, समुद्रकाठच्या त्यांच्या फ्लॅटवर राहतात. पेन्शन देणाऱ्या देशातून फॉर्म आला की तुम्ही जिवंत आहात हे साक्षीदाराच्या सहीने कळवा. साक्षीदार कोण चालेल त्याची यादी होती. ते राहतात तिथला नोटरी म्हणाला मी माझ्या भाषेतल्या, माझ्या नमुन्यावरच सही करणार, तुमच्या फॉर्मवर नाही. त्याने केलेलं पत्र पाठवलं तर परत आलं. तोवर मुदत संपली, पेन्शन बंद. काकांनी फोन केला, पाऊण तास ती म्युझिक ऐकली, आणि स्वतःच्या तोंडाने सांगतायत की बाई मी जिवंत आहे, मीच बोलतोय, तर पलीकडची बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली की फॉर्म मिळाल्याशिवाय मला तसं नोंदवता येणार नाही. काका हे हसत हसत सांगतात. पण त्यांना तेव्हा कॉम्प्युटरवर बसून स्कॅन करून पाठवता येत होतं म्हणून निभावलं. दहा वर्षांनी कोण करणार?

तब्येतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकाची केस वेगळी. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, देशाबाहेर साधारणपणे चालतच नाही, काही अपवाद आहेत तेवढेच. युरोपियन युनियनच्या आत मात्र चांगली सोय आहे, पेन्शन एका देशाची आणि राहता दुसऱ्या देशात तर एस-१ नावाचा फॉर्म भरून तिथल्या सरकारी डॉक्टरकडे जाता येतं आणि बिल पेन्शनवाला देश भरतो. बाकीच्यांना प्रायव्हेट इन्शुरन्स, आणि तिथे कॉलम एकच, कितव्या वर्षापर्यंत नवी पॉलिसी देतात आणि जुने आजार धरतात का. हे व्हिसाच्या आधी विचारा. लोक उलटं करतात.

भाषेचं मात्र मला खरंच टेन्शन येतं. बाजारहाट करण्यापुरती भाषा येईल, आम्ही दोघं शिकू. पण आयसीयूबाहेर डॉक्टर घाईघाईत काय सांगतोय ते कळण्याएवढी? आणि डिमेन्शिया झाला तर नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते असं बऱ्याच पेशंट्समध्ये दिसतं. म्हणजे सत्तरीत घासून घासून शिकलेली भाषाच नेमकी नर्सशी बोलायची वेळ आली की गायब.

आणि एकटं उरण्याचं, ज्यावर नवरा म्हणतो पुरे आता. बऱ्याच ठिकाणी पेन्शनवाला मुख्य अर्जदार असतो आणि जोडीदार त्याच्यावर अवलंबून. मुख्य माणूस गेला तर उरलेल्याच्या परमिटचं काय, पेन्शन निम्मी झाली तर उत्पन्नाची अट पुरी होते का, हे वकिलाला पहिल्या मीटिंगमध्येच विचारायचं. मृत्युपत्राचंही तसंच. युरोपियन युनियनच्या बहुतेक देशांत ऑगस्ट २०१५ पासून असा नियम आहे की माणूस शेवटी जिथे राहत होता तिथला वारसा कायदा लागतो, आणि काही देशांत मुलांचा वाटा कायद्यानेच ठरलेला असतो, बायकोच्या नावे सगळं करता येत नाही. पण मृत्युपत्रात लिहून ठेवलं तर आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा निवडता येतो. एक ओळ आहे फक्त. तिथे घर घेणाऱ्या कितीतरी लोकांना ती माहीतच नसते.

तर सध्या आमचं काय चाललंय. देश दोनवर आलेत, एक जिथे आहोत तो आणि एक नवऱ्याचा लाडका. घर विकायचं नाही हे ठरलंय, त्यावर वाद संपला. लाडक्या देशात भाड्याने राहून बघायचं, आणि ते उन्हाळ्यात नाही, ऐन डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा टूरिस्ट नसतात, निम्मी दुकानं बंद असतात आणि दमट भिंतींना वास येतो. तिथे असताना एकदा तरी दाताच्या डॉक्टरकडे जायचं, एकदा सरकारी ऑफिसात नंबर लावायचा, आणि मी अट घातलीय की त्यातले पंधरा दिवस तो एकटा राहणार आणि पुढचे पंधरा दिवस मी एकटी. त्याने हो म्हटलंय, पण आधी पंधरा दिवस तू एकटी राहा म्हणतोय. तुमच्यापैकी कोणी असं एकेकट्याने राहून बघितलं असेल तर काय वाटलं ते मला जरूर सांगा.