स्वस्त ट्रॅक फ्रेम परत करताना: बदली मागावी की पैसे?

ऑनलाइन मागवलेली अॅल्युमिनियमची ट्रॅक फ्रेम (व्हेलोड्रोमवर, म्हणजे शर्यतीच्या उतरत्या गोल धावपट्टीवर चालवायच्या सायकलची फ्रेम) परत करून पैसे मिळवायला मला तीन महिने लागले. त्यातला दीड महिना माझ्याच चुकीमुळे गेला, कारण मी पैशांऐवजी बदली फ्रेम मागितली. फ्रेममधले काही दोष त्या एका नगापुरते असतात आणि काही मूळ आराखड्यातच असतात. आराखडा चुकला असेल तर बदली म्हणून आलेल्या फ्रेममध्येही तोच दोष असणार. हे फ्रेम खोक्यातून काढल्याच्या दिवशीच तपासता येतं, एकही पार्ट न चढवता.

साहित्य फार लागत नाही: व्हर्नियर, स्टीलची पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), न ताणणारा दोरा. पार्ट चढवायचे नाहीत हे महत्त्वाचं. फोर्कची दांडी कापली, हेडसेटचे (हँडल फिरतं त्या बेअरिंगचे) कप ठोकले किंवा बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस फिरतो तो भाग) आट्यांत टॅप (आटे कापायचं हत्यार) फिरवला, की विक्रेत्याला 'फ्रेममध्ये फेरफार केला' म्हणायला जागा मिळते. खोका, आतला फोम आणि टोकांना लावलेले प्लास्टिकचे ठोकळेही ठेवून द्यावेत. परतीच्या प्रवासात मागचा भाग दबला तर त्याचं खापर आपल्यावरच फुटतं.

मागच्या दोन ट्रॅक एंडमधलं (चाकाचा आस, म्हणजे एक्सल, बसतो त्या खाचांच्या टोकांमधलं) आतलं अंतर 120 मिमी हवं, कारण ट्रॅक हब (चाकाचा मधला भाग) तेवढ्याच रुंदीचा असतो. माझ्याकडे 117 भरलं. स्टीलची फ्रेम असती तर जाणकार मेकॅनिकने 3 मिमी उघडून दिली असती. अॅल्युमिनियम असं वाकवायचं नसतं, वेल्डजवळ तर नाहीच. हब दाबून बसतो, पण ट्रॅक एंडचे चेहरे समांतर राहत नाहीत. मग नट एका कडेवरच चावतो, आणि जोर लावला की चाक उजवीकडून पुढे सरकतं. नंतर दोरा डाव्या ट्रॅक एंडपासून हेड ट्यूबला (हँडलखालच्या नळीला) वळसा घालून उजव्या ट्रॅक एंडला बांधला आणि सीट ट्यूबपासून (सीटखालच्या नळीपासून) दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं: एका बाजूला 27.5 मिमी, दुसऱ्या बाजूला 30.5. एखादा मिलिमीटर फरक या किमतीत मी चालवून घेतला असता, तीन नाही. (चाक चढवून झालं असेल तर दुसरी युक्ती: चाक उलटं करून लावा. टायर दोन्ही वेळा एकाच बाजूला झुकला तर दोष फ्रेमचा. बाजू बदलली तर चाक आउट आहे.)

बीबी शेल (बीबी बसतो ती आडवी नळी) 68 मिमीचा, इंग्लिश आट्यांचा. त्यात उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे कप घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतो. हे विसरून कप सुलट दिशेने रेटला तर आटे आपणच खराब करू, आणि ते वॉरंटीत बसत नाही. माझ्या फ्रेममध्ये कप हाताने दोन फेरे जाऊन अडकला, कारण आट्यांत रंग साचला होता. शेलचे चेहरेही मशीनवर सपाट केलेले नव्हते.

हे सगळे कारागिरीचे दोष. आराखड्याचे दोन दोष मात्र मी आधी त्याच यादीत ढकलून मोकळा झालो, तिथेच घोळ झाला.

पहिला चेनस्टेचा (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीचा). ट्रॅकवर चेनलाइन साधारण 42 मिमी असते, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) 42 मिमी बाहेर. शेल 68 चा असल्याने त्याचा उजवा चेहरा मध्यापासून 34 वर येतो, आणि चेनरिंग त्याच्या 8 मिमी बाहेर. चेनरिंगची जाडी साधारण 3 मिमी धरली तर तिची आतली बाजू शेलच्या चेहऱ्यापासून साडेसहा मिमीवर येणार. म्हणून साडेसहा मिमी जाडीचा तुकडा शेलच्या चेहऱ्यावर ठेवून त्यावर पट्टी टेकवायची आणि ती चेनस्टेच्या दिशेने न्यायची. 48 दातांच्या चेनरिंगची त्रिज्या दातांच्या टोकापर्यंत सुमारे 101 मिमी, म्हणून बीबीच्या मध्यापासून 101 मिमीवर पट्टी आणि चेनस्टे यांच्यातली फट फीलर गेजने मोजायची. माझी फट 1 मिमी भरली. उभं राहून जोर लावला की फ्रेम आणि क्रँक मिळून एवढे सहज लवतात. 52 दातांसाठी 109 मिमीवर मोजलं, तर पट्टी चेनस्टेलाच अडली. जाहिरातीत '52 दातांपर्यंत' असं स्पष्ट लिहिलं होतं.

यावर 'लांब स्पिंडलचा (बीबीतल्या आसाचा) बीबी लावा' हा सल्ला हमखास मिळतो, विक्रेत्यानेही तोच दिला. 103 मिमीऐवजी 107 चा स्पिंडल लावला की चेनरिंग 2 मिमी बाहेर जाते हे खरं. पण मागचा कॉग (मागच्या चाकावरचं छोटं दातेरी चाक) 42 वरच राहतो आणि चेन तिरकी धावते. फिक्स्ड गिअरवर (पेडल आणि मागचं चाक कायम एकत्र फिरतात त्यावर) तिरकी चेन उतरून अडकली तर मागचं चाक जागीच लॉक होतं. बालेवाडीच्या व्हेलोड्रोमच्या उतारावर हे नको.

दुसरा दोष ट्रॅक एंडच्या खाचेचा, आणि हा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चेनमध्ये आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येते, म्हणून कड्यांची संख्या सम लागते. दोन कड्या वाढवल्या की चेन 25.4 मिमी लांबते आणि एक्सल त्याच्या निम्मा, सुमारे 12.7 मिमी मागे जातो. म्हणजे कोणताही कॉग बसायला हवा असेल तर खाचेत एक्सलला किमान 13 मिमी सरकायला जागा हवी. या फ्रेममध्ये 25 मिमी रुंदीचा टायर सीट ट्यूबला न घासता एक्सल बीबीच्या मध्यापासून 380 मिमीपर्यंत पुढे येत होता. मागे 389 च्या पलीकडे नटाला पूर्ण टेकू मिळत नव्हता. एकूण 9 मिमी. हिशोब केला तर 48/15 ला (48 दातांची चेनरिंग, 15 दातांचा कॉग) 92 कड्यांची चेन लावल्यास एक्सल 378 वर येतो, 94 ची लावल्यास 391 वर. दोन्ही बाहेर! 48/14 बसतो (92 कड्या, 381), 48/16 बसतो (94 कड्या, 388), आणि मधला 15, जो सरावाला सर्वांत जास्त लागतो, तोच नाही. 23 चा टायर लावून तो कसाबसा कोंबता येतो. हाफ लिंक (विषम कड्या जुळवणारी एक खास कडी) घालून 93 कड्यांवरही एक्सल मधोमध येतो. पण नवीन फ्रेमची चूक झाकायला चेनमध्ये जोड घालणं मला मान्य नव्हतं. शिवाय जाहिरातीत टायर '28 मिमीपर्यंत' म्हटला होता.

तक्रार फोनवर करू नये. मी दोनदा केली, दोन्ही वेळा 'नोंद घेतली' म्हणाले आणि नोंद कुठेच नव्हती. मग ईमेल लिहिला. प्रत्येक दोषाला एक फोटो, फोटोत व्हर्नियरचा आकडा दिसेल असा, आणि शेजारी अपेक्षित आकडा. उत्तर आलं: फ्रेम 'टॉलरन्समध्ये' (चालवून घ्यायच्या फरकाच्या मर्यादेत) आहे, बीबीचे आटे जवळच्या मेकॅनिककडून साफ करून घ्या. मी दोनच प्रश्न विचारले. टॉलरन्स किती मिलिमीटर, ते लिहून द्या. आणि टॅप फिरवल्यावर वॉरंटी कायम राहील, हेही लिहून द्या. दोन्ही आलं नाही. बदली फ्रेम देतो असं आलं, आणि मी हो म्हटलं.

बदली फ्रेममध्ये 120 बरोबर, दोऱ्याचा फरक अर्ध्या मिलिमीटरवर, आटे स्वच्छ. चेनस्टेची फट मात्र 1 मिमी. खाच 9 मिमी.

तेव्हा तक्रारीची भाषा बदलली. 'फ्रेम सदोष आहे' याऐवजी 'जाहिरातीप्रमाणे नाही' असं लिहिलं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं, हेही त्याच नियमांत आहे. खरेदीच्या दिवशी जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तो इथे कामी आला, कारण मधल्या काळात पानावरचे '52' गुपचूप '46' झाले होते. दोन्ही फ्रेमचे तेच आकडे शेजारी शेजारी लावले, मग 'एखादा नग खराब निघतो' म्हणायची सोय उरली नाही.

त्यांनी आयएसओ 4210 चं प्रमाणपत्र पुढे केलं. त्या मानकात फ्रेम-फोर्कच्या थकव्याच्या आणि आघाताच्या चाचण्या आहेत, म्हणजे फ्रेम तुटणार नाही याची. चेनरिंग बसेल का, हा प्रश्न वेगळा.

पोच 48 तासांत आली नाही, तेव्हा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. हेल्पलाइन आदेश काढू शकत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. तरी तिच्या नोंदणी क्रमांकाने ईमेलची उत्तरं वेळेत येऊ लागली. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. अर्जाचा मसुदा तयार करून शेवटच्या ईमेलला जोडला आणि सात दिवस दिले.

सहाव्या दिवशी फ्रेमचे पूर्ण पैसे परत करायचं कबूल झालं. परतीचा कुरिअर खर्च माझ्या माथी मारायचा प्रयत्न झाला. दोष त्यांचा असेल तर तो त्यांनीच सोसायचा, असं त्यांच्याच परतावा धोरणात लिहिलेलं होतं, ते वाक्य उचलून पाठवलं. कुरिअरला देताना फ्रेमवर चाचणीचा एकही ओरखडा नाही, हे दाखवणारा व्हिडिओ खोका बंद होईपर्यंत सलग काढला.

पुढची फ्रेम मागवण्याआधी विक्रेत्याला ईमेलवर चार आकडे विचारले: 42 च्या चेनलाइनला जास्तीत जास्त किती दातांची चेनरिंग, 25 च्या टायरसह एक्सलची पुढची आणि मागची मर्यादा, शेलची रुंदी, सीटपोस्टचा व्यास. पहिल्या दोन विक्रेत्यांनी कॅटलॉगची पीडीएफ पाठवली. तिसऱ्याने गोदामातली फ्रेम काढून पट्टी लावून फोटो पाठवले. फ्रेम त्याच्याकडून घेतली, दोन हजार जास्त देऊन.