उजवं पान

शनिवार, रात्री साडेदहा

उद्याच्या उपासनेआधी जुनी वही सहज चाळायला घेतली आणि तासभर तिथेच अडकले. प्रार्थना लिहून काढायला लागले ते काही फार भक्तिभावाने नव्हे. डोळे मिटून 'देवबापा' म्हणेपर्यंत ठीक असायचं. पुढे उद्याची कामं, कोणाला फोन करायचा राहिलाय, हेच सुरू. हातात पेन असलं की मन निदान वाक्य संपेपर्यंत जागेवर राहतं. डाव्या पानावर तारीख आणि मागणं. उजवं पान उत्तरासाठी कोरं.

उजवी पानं बहुतेक कोरीच आहेत. प्रभू आपलं ऐकत नाही, ही तक्रार मनात धरूनच खरं तर वही उघडली होती. एका पानावर आईच्या ऑपरेशनसाठीची विनंती सापडली. पेन इतकं दाबलंय की अक्षरं मागच्या बाजूला उमटलीत. ऑपरेशन नीट झालं, आई आत्ता आतल्या खोलीत घोरतेय. आणि ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी काय लिहिलंय? 'प्रभू, झोप पुरत नाही, ऑफिसात चिडचिड होते.' आईचं नावसुद्धा नाही! बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातले, 17व्या अध्यायातले, येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी आठवले. बरे झाले दहा, आभार मानायला परतला एक, तोही शोमरोनी, म्हणजे परका मानला गेलेला. उरलेल्या नऊ जणांना मी आजवर मनसोक्त नावं ठेवलीत.

फ्रेंच गणिती पास्कलला 23 नोव्हेंबर 1654च्या रात्री देवाचा अनुभव आला. रात्री साडेदहा ते साधारण साडेबारा, अशी वेळसुद्धा त्याने टिपून ठेवली आणि तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. 1662मध्ये पास्कल वारल्यावर तो कागद सापडला. एवढा मोठा गणिती, पण आठवणीच्या भरवशावर राहिला नाही. त्याच्या कागदावर 'अग्नी' हा शब्द आहे. इथेही आत्ता साडेदहाच वाजलेत, पण माझ्याकडे नुसत्या जांभया.

भावाच्या अबोल्याचं मात्र खरंच उत्तर नाही. ती विनंती आठवड्याला एकदा तरी आहेच. आधी अर्धं पान, मग दोन ओळी, आणि गेल्या काही महिन्यांत नुसतं 'वरीलप्रमाणे'. देवाला! वाचून हसू आलं, मग लाज वाटली. 88वं स्तोत्र अगदी अंधारात संपतं, शेवटपर्यंत कुठे दिलासा नाही, तरी ते बायबलच्या स्तोत्रसंहितेत आहे. पण ते रचणाऱ्याने निदान आपलं दुःख दर वेळी नव्याने सांगितलंय.

आईच्या विनंतीसमोर आज आभार लिहिले. मागची तारीख घालायचा मोह झाला होता, आजचीच घातली. आता भावासाठी लिहायचंय, पूर्ण वाक्यात.