चार ईसा म्हणजे ऐंशी

बेळगावात टिळकवाडीत मी फ्रेंचच्या शिकवण्या घेते. एकोणसत्तरपर्यंत पोरं बिनघोर येतात, पुढं अडतात. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' (कात्र-वँ), आणि नव्याण्णव म्हणायचं तर 'चार-वीस-दहा-नऊ'. "मॅडम, हा आकडा आहे की गणित?" असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

खानापूरकडच्या आमच्या आज्जीला यात काही वावगं वाटलं नसतं. शेणी ती ईसानं, म्हणजे वीस-वीसच्या गटानं मोजायची, वय विचारलं तर "चार ईसा नि वर दोन" म्हणायची. जुन्या फ्रेंचमध्ये हा हिशेब आणखी लांब जायचा, एकशेवीसला सहा ईसा म्हणत. पॅरिसात डोळ्यांचं एक जुनं हॉस्पिटल आहे, त्याचं नावच 'कँझ-वँ', पंधरा ईसा. 13व्या शतकात नवव्या लुई राजानं तीनशे अंधांसाठी काढलेलं.

लॅटिनमध्ये ऐंशीला सरळ 'ऑक्टोगिंटा' होतं, मग फ्रेंचमध्ये ईसा शिरल्या कुठून? फ्रान्सच्याच वायव्य कोपऱ्यातल्या ब्रेटन भाषेत ऐंशी म्हणजे 'पेवार-उगेंत', वेल्शमध्ये 'पेद्वार इगाइन'. दोन्ही केल्टिक भाषा, दोन्हीकडं चार ईसाच. म्हणून पुष्कळजण रोमनांच्या आधीच्या गॉल लोकांच्या केल्टिक भाषेकडं बोट दाखवतात. मला ते पुरतं पटत नाही. बास्क भाषा केल्टिक नव्हे, तिच्यातही ऐंशी चार ईसाच होतात. हातापायांची बोटं सगळ्यांना वीसच की! आमच्या आज्जीला कुठला गॉल भेटला होता?

सीमेवरचे लोक वेगळेच. बेल्जियमचे फ्रेंच बोलणारे नव्वदला साधं 'नोनाँत' म्हणतात, ऐंशीला मात्र पॅरिसवाल्यांसारखं 'चार-वीस'च. स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात ऐंशीलाही 'वीताँत' चालतं. मूळ मुलखापेक्षा कडेचा हिशेब सोपा, हे आम्हा बेळगावकरांना ऐकायला बरं वाटतं.

लॅटिनात एकोणीसला 'वीसात एक कमी' असाच शब्द होता, 'उंडेविगिंटी'. फ्रेंचनं तो टाकला आणि 'दहा-नऊ' केलं. आपण 'एकोण' जपून ठेवलंय. कन्नडमध्ये एकोणऐंशीला सत्तर अधिक नऊ, 'एप्पत्तोंबत्तु'. त्यामुळं माझ्या वर्गातली कन्नड पोरं मराठी आकड्यांवर जास्त चिडतात, फ्रेंचवर कमी.

ब्रेटनमध्ये अठराला 'तीन सहा' आणि वेल्शमध्ये 'दोन नऊ' म्हणतात, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.