आबांच्या वहीतल्या चिंचा : आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

रोपवाटिकेचं भांडवल काय, असं बँकेतल्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी बोअर, शेडनेट आणि दोन एकर मुरमाड रान सांगितलं. खरं भांडवल होतं सासऱ्यांची वही. पण ती तारण कोण ठेवून घेणार?

आबा चिंचेचे व्यापारी. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याच्या भागात बांधावरची झाडं उक्ती घ्यायची, झोडपायची, बायकांकडून फोडून घ्यायची आणि माल बार्शीला घालायचा. वहीत प्रत्येक झाडाची नोंद. ‘ओढ्याकाठची : बोटुक (शेंग) लांब, गर जाड, शिरा कमी.’ ‘मारुतीमागची : सालाआड धरते, घेऊ नये.’ चिंच मूळची आफ्रिकेतली, असं शास्त्र सांगतं. असेल. आमच्याकडं तिच्यावाचून आमटी होत नाही.

2005 साली आम्ही वहीतल्या निवडक झाडांचे चिंचोके आणले, पिशव्या भरल्या आणि रोपं विकायला लागलो. चिंच परपरागीकरणाची, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागानं फळणारी, त्यामुळं आईचा गुण लेकीत उतरेलच असं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

कळलं ते आठ वर्षांनी, कारण चिंचोक्यापासूनचं झाड धरायलाच आठ-दहा वर्षं घेतं. 2013 च्या उन्हाळ्यात एक शेतकरी आला आणि पाटीभर चिंचा ओट्यावर ओतल्या. ‘‘वहिनी, ही का तुमची ओढ्याकाठची?’’ एकेका झाडाचा माल वेगळा. बहुतेक नुसतं टरफल आणि चिंचोका. किराणा दुकानदाराची चूक संध्याकाळपर्यंत कळते, आमची आठ वर्षांनी. आणि साल असं की, दुष्काळानं जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांचं सरपण झालेलं, बांधावरच्या चिंचा मात्र हिरव्यागार. लोक आपणहून चिंच मागायला येत होते आणि खात्रीनं द्यावं असं आमच्याकडं काही नव्हतं.

मग मी आणि आमचे मालक, म्हणजे नवरा, छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाच्या औरंगाबादला) हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रात गेलो. ‘प्रतिष्ठान’ ही चिंचेची जात मराठवाडा कृषी विद्यापीठाचीच निवड. तिथं मृदुकाष्ठ कलम पाहिलं : खुंटाच्या, म्हणजे चिंचोक्यापासून वाढवलेल्या रोपाच्या, कोवळ्या शेंड्याला उभी चीर द्यायची, चांगल्या झाडाची कलमकाडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीनं आवळायची. बघताना सोपं वाटलं. घरी येऊन तीनशे बांधली, चाळीस जगली. काडी कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं काढून नुसते देठ ठेवायचे असतात, म्हणजे डोळे फुगतात. ती पायरी आम्ही गाळली होती.

पुढं हात बसला तो आमचा नव्हे, चिंचा फोडणाऱ्या बायकांचा. शिरा न तुटता चिंचोका काढणाऱ्या बोटांना पाचर तासणं काय जड! आज बांधणीला सात जणी आहेत, त्यातल्या दोघी पूर्वी ऊसतोडीला जायच्या. कलमाचं झाड चौथ्या-पाचव्या वर्षी धरायला लागतं आणि बुटकं राहतं. खालच्या फांद्यांच्या चिंचा उभ्यानं तोडता येतात. फांदीवरून पडून कंबर मोडलेला गडी ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या बुटकेपणाची किंमत वेगळी सांगायला नको.

त्या शेतकऱ्याची झाडं आम्ही कंबरेएवढी छाटली आणि धुमाऱ्यांवर ओढ्याकाठचीच कलमं बांधून दिली, फुकट. तो अजून पुरता खूश नाही. मधली वर्षं कुठून भरून देणार?

बोरीचं निराळं. तिचं सोटमूळ लांब, उपटून लावलेली रुसते. म्हणून खुंट जागेवरच वाढवून त्यावर चांगल्या बोरीचा डोळा भरतो. उन्हाळ्यात पानं गाळून झोपते आणि पावसाच्या ओलीवर हिवाळ्यात फळ देते, असलं शहाणं झाड कोरडवाहूला दुसरं नाही. जांभळाची बी मात्र ताजीच पेरायची. ठेवली की मेली.

आबा गेले, वही राहिली. मातृवृक्षाच्या, म्हणजे ज्याची काडी घेतो त्या झाडाच्या, धन्याला आम्ही आता काडीमागं पैसे देतो, म्हणजे झाड लाकडाच्या भावानं विकायचा मोह होत नाही. रस्त्याकडेच्या झाडांना मात्र धनीच नसतो. रुंदीकरणात वहीतली तीन झाडं गेली. त्यातली एक आबांनी दोनदा अधोरेखित केलेली, आणि तिची काडी आम्ही ‘पुढच्या साली’ म्हणून ठेवली होती. आता कुठं रस्त्याची मोजणी सुरू झाल्याचं कानावर आलं की आमचे मालक आधी कात्री आणि ओलं गोणपाट गाडीला अडकवतात.