सरांनी कापलेला अर्धा गुण

1982 सालची गोष्ट. नववीच्या सहामाहीत विज्ञानाच्या पेपरात प्रकाशाचं स्वरूप विचारलं होतं. मी लिहिलं, 'प्रकाश हा तरंग आहे.' दिवाळीनंतर पेपर हातात पडला तेव्हा 'आहे'खाली लाल रेघ होती आणि अर्धा गुण कमी. मधल्या सुट्टीत पेपर घेऊन सरांकडे गेलो. डोळ्यांत पाणी होतं, कारण वर्गात पहिला नंबर त्याच अर्ध्या गुणानं हुकला होता. सर म्हणाले, "प्रकाश काय आहे ते तुला कुठनं कळलं? तो कसा वागतो हे बघितलंस तर लिही. बघितलंयस का?"

बघितलं नव्हतं. मग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर आम्हा दहा-बारा पोरांना घेऊन सांगलीतल्या कृष्णेच्या घाटावर गेले. समोर आयर्विन पूल, आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्यावर निर्माल्यातलं झेंडूचं एक फूल. सरांनी जरा लांब खडा टाकला. वलयं फुलापर्यंत आली. फूल वर गेलं, खाली आलं आणि होतं तिथंच राहिलं. वलयं मात्र पुढं येऊन आमच्या पायरीला लागली. "फूल आलं नाही, त्याच्याखालचं पाणीही आलं नाही. मग पायरीला लागलं ते काय?" कुणालाच सांगता येईना. ऊर्जा हा शब्द पुस्तकात होता, पण मला तो पहिल्यांदा कळला तो त्या ओल्या पायरीवर.

सोमवारी प्रयोगशाळेत सरांनी काचेची पट्टी रॉकेलच्या चिमणीवर धरून काळी केली. दाढीची दोन पाती एकाला एक चिकटवून धरली आणि काजळीवर एकच ओरखडा काढला. दोन बारीक चिरा उमटल्या. मधलं अंतर एका पात्याच्या जाडीएवढं, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. खिडक्यांना काळे कागद लावले, समोर सरळ तारेचा दिवा ठेवला आणि एकेकानं ती काच डोळ्याला लावायची. माझी पाळी आली तेव्हा दिव्याच्या जागी दिवा नव्हताच. उजेडाचा पट्टा, अंधाराचा पट्टा, पुन्हा उजेडाचा, दोन्हीकडं कडांना रंग सांडलेले. सरांनी दिव्यापुढं लाल जिलेटीन धरलं तर पट्टे लांब लांब झाले, निळं धरलं तर जवळ आले. उजेडात उजेड मिळवला आणि मधे अंधार झाला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. प्रकाश म्हणजे बारीक कण असं न्यूटन सांगून गेला होता. 1801 च्या सुमारास थॉमस यंग नावाच्या इंग्रज डॉक्टरनं अशाच पट्ट्यांच्या बळावर त्याला प्रश्न विचारला. "आता लिही," सर म्हणाले, "दोन चिरांतून जाताना प्रकाश तरंगासारखा वागतो." अर्धा गुण त्यांनी परत दिला नाहीच.

दहावीत आम्हाला ते मिरजेला घेऊन गेले, सतारमेकर गल्लीत. तिथल्या एका कारागिरानं तंबोऱ्याच्या तारेवर कागदाचे चिमुकले घोडे बसवले, म्हणजे मधोमध दुमडलेले तुकडे. तारेच्या बरोबर एक तृतीयांशावर बोट नुसतं टेकवलं, तार छेडली, बोट उचललं. सगळे घोडे उडाले. फक्त दोन तृतीयांशावरचा जागचा हलला नाही. तार तीन तुकड्यांत डोलत होती आणि त्या जागी ती स्थिर होती. दोन तुकड्यांत डोलते, तीन तुकड्यांत डोलते, मग अडीच तुकड्यांत का नाही, असं मी विचारलं. कारागीर म्हणाले, "दोन्ही टोकं बांधलेली हाईत की बाळ. अर्धा तुकडा बसायचा कुठं?"

चार-पाच वर्षांनी विलिंग्डन कॉलेजात फळ्यावर अणू आला. 1913 मध्ये नील्स बोर या शास्त्रज्ञानं सांगितलं की अणूतल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्याच मिळतात, मधली जागा नाही. त्या तशा का, याला 1924 मध्ये फ्रान्सच्या दब्रॉयनं वाट दाखवली: इलेक्ट्रॉनही तरंगासारखा वागत असला, तर त्याच्या कक्षेत पूर्ण तरंगच बसणार. वर्गातली पोरं वैतागली होती. मला मिरजेतला तो घोडा दिसत होता.

घोळ खरा झाला प्रकाशाचा. 14 डिसेंबर 1900 ला प्लांक या शास्त्रज्ञानं बर्लिनमध्ये मांडलं की ऊर्जेची देवघेव सुट्या हिश्शांत होते आणि वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आंदोलनं, जेवढी जास्त तेवढा हिस्सा मोठा. 1905 मध्ये आइन्स्टाइन म्हणाला, प्रकाशच तसा हिश्शाहिश्शानं येतो. मग घाटावरच्या वलयांचं काय? त्याच दिवसांत सर एसटी स्टँडवर भेटले, तासगावच्या गाडीची वाट बघत. मी उभ्याउभ्याच विचारलं. त्यांनी वजनाच्या यंत्राकडं बोट केलं. "एक रुपयाचं नाणं लागतं. दहा पैशाची शंभर टाकलीस तर तिकीट पडेल का? पोटॅशियममधनं इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण 2.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ते ऊर्जेचं बारीक माप. लाल प्रकाशाचं नाणं 1.8 चं. कितीही झगझगीत पाड, काही पडणार नाही. निळ्याचं 2.7 चं, मिणमिणता असला तरी पडतं." गाडी लागली. चढता चढता म्हणाले, "धातूवर पडताना तो कणासारखा वागतो. 'आहे' लिहू नकोस."

जे. जे. थॉमसननं इलेक्ट्रॉन हा कण म्हणून शोधला, त्याला 1906 चं नोबेल मिळालं. त्याच्या मुलानं, जी. पी. थॉमसननं, तोच इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो हे दाखवलं आणि 1937 चं नोबेल त्यासाठी डेव्हिसनबरोबर वाटून घेतलं. बापलेकांत भांडण लागायचं कारण नव्हतं. दोघांनी प्रयोग निराळे केले होते.

गेली चौदा वर्षं मी जत, कवठेमहांकाळ भागात सौरपंप आणि पॅनेलं बसवतो. मागच्या एप्रिलात एका शेतकरी आबांनी विचारलं, "ऊन एवढं फोडून काढतंय, मग मोटर का जोर धरंना?" मी त्यांना यंत्राचं नाणंच सांगितलं. पॅनेलमधल्या सिलिकॉनला 1.1 चं नाणं लागतं. त्याहून लहान नाण्याची किरणं उन्हात भरपूर असतात, पण त्यांचा विजेला उपयोग शून्य. वर पॅनेल तापलं की नुकसानच, दर अंशाला साधारण 0.4 टक्के. कागदावरचा विजेचा आकडा पॅनेल 25 अंशांवर असतानाचा असतो आणि भर दुपारी पॅनेल 65 पर्यंत जातं, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा गेला. आबांनी पॅनेलला तळहात लावला आणि चटकन काढून घेतला. "म्हंजे उजेड पायजे, ताप नको," म्हणाले. सर असते तर या वाक्याला त्यांनी पूर्ण गुण दिले असते.

माझी नववीची वही 2019 च्या पुरात गावभागातल्या घरात भिजून लगदा झाली. पेपर मात्र माळ्यावर होता, तो राहिला. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या दिवशी तो घेऊन येणार आहे, आणि काजळी धरलेली नवी काचही. चिमणी आणि पाती माझ्याकडं आहेत. सरळ तारेचा जुना दिवा आता बाजारात सापडत नाही. कुणाच्या घरी असेल तर कृपा करून घेऊन या, म्हणजे हल्लीच्या नववीतल्या मुलांना एकेक करून ती काच डोळ्याला लावता येईल.